फिनिश पासला साइज पळते, कोपऱ्यात कटर रडतो: आधी रफिंगनंतरची भिंत मोजा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि वर्षभर पुढे ढकललेली सगळी दुरुस्ती या दोन महिन्यांत उरकायची असते. त्यामुळे मे महिना संपत आला की रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडचं काम आमच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या छोट्या सीएनसी मिलिंग शॉपवर येऊन पडतं. त्यातच एकदा साठ नगांची ऑर्डर आली. बोटीवरच्या स्विच पॅनेलची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, माल ६०८२ नावाचा मिश्रधातू, बाहेरून १५२ बाय १०२, उंची २५, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आत १४० बाय ९०चा पॉकेट, म्हणजे कोरलेला खळगा, खोली १८, कोपऱ्याला आर ६, म्हणजे ६ मिमी त्रिज्येची गोलाई. झाकण बुचासारखं आत बसतं आणि त्याच्या कडेची रबरी ओ-रिंग पॉकेटच्या भिंतीवर दाबली जाते. म्हणजे पाणी अडवायचं काम त्या भिंतीचं. १४०च्या मापाला शून्य ते अधिक ०.०५ एवढीच सूट.

पहिले चार नग बरे निघाले. पाचव्यापासून त्रास सुरू झाला. पॉकेट तोंडाशी १४०.०३ आणि तळाशी १३९.९७. कोपऱ्यात चॅटरच्या, म्हणजे कटर थरथरल्याच्या, उभ्या रेघा, नख फिरवलं तरी लागतील एवढ्या. मशीनवरचा मुलगा कुडाळकडचा. तो मला म्हणाला, "काका, कोपऱ्यात कटर रडता." त्याचं निदान अगदी बरोबर होतं, फक्त आम्ही दोघंही रडणाऱ्या कटरकडेच बघत बसलो.

हे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न आमच्याकडे तीन वेगवेगळ्या जॉबवर परत परत आला आणि दर वेळी आम्ही त्याच क्रमाने चुकलो. तुमच्या मशीनवर भिंतीला टेपर (वरच्या-खालच्या मापात फरक) येत असेल, साइज नगागणिक बदलत असेल किंवा फक्त कोपरेच खराब होत असतील, तर फिनिशच्या, म्हणजे शेवटच्या बारीक कापाच्या, टूलला हात लावण्याआधी पुढचं वाचा.

आम्ही आधी काय काय केलं

पहिला उपाय सगळेच करतात तो. वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे कटरच्या झिजेसाठी मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, उणे ०.०१५ टाकलं. दोन्ही भिंती तेवढ्या सरकल्या, म्हणजे माप ०.०३ने वाढलं. तळ १४०.०० झाला, पण तोंड १४०.०६वर गेलं आणि नग बाद झाला. ऑफसेट अख्खी भिंत सरकवतो, तिचा तिरकेपणा त्याला कळत नाही. वरच्या आणि खालच्या मापातला फरक जोपर्यंत आहे, तोपर्यंत ऑफसेटच्या पानावर कितीही आकडे टाका, नग एका टोकाला नाहीतर दुसऱ्या टोकाला बाहेरच जाणार.

दुसरा उपाय म्हणजे फीड, अर्थात कटर पुढे सरकायचा वेग, कमी करणं. कटर ओरडतोय तर हळू चालवू, असं मनात येतं. आमचा फिनिशचा कटर १२ मिमीचा होता, भिंतीवर कापायला माल ०.३ ठेवलेला. कटरच्या व्यासाच्या मानाने बाजूचा कट इतका बारीक असला की चिप (कापून निघणारा कीस) फीडएवढी जाड निघत नाही, खूप पातळ होते. प्रत्येक दाताला ०.०५ फीड दिला तरी चिपची जास्तीत जास्त जाडी साधारण १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. आम्ही फीड ०.०२वर आणला, म्हणजे चिप ६ मायक्रॉनची. एवढ्या पातळ चिपला कटरची धार नीट पकडतच नाही. ती माल कापण्याऐवजी घासते, गरम होते, आणि अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटायला लागतं. भिंत आधी नुसती तिरकी होती, आता ती पुसटही दिसायला लागली.

तिसरा उपाय, तोच पास परत फिरवणं. अ‍ॅल्युमिनियमला याने थोडा फरक पडतो, टेपर ६० मायक्रॉनवरून ४०वर आला. पण वेळ दुप्पट आणि कोपरे होते तसेच. इथे एक इशारा देऊन ठेवतो. हाच उपाय ३१६ स्टेनलेसवर करू नका. समुद्राच्या पाण्यातलं काम म्हटलं की ३१६ आलंच, आणि त्याच्यावर कटर नुसता घासला की वरचा थर कडक होतो. पुढच्या पासाला तो कडक थर कापावा लागतो आणि नवाकोरा कटर दोन नगांत बसतो, म्हणजे बोथट होतो.

मोजायचं कुठे

सुटका झाली ती मशीन रफिंगनंतर, म्हणजे जादा माल काढणाऱ्या पहिल्या जाड्या कापानंतर, थांबवल्यावर. प्रोग्राममध्ये रफिंग संपल्याबरोबर एम०१ (मशीन थांबवायचा कोड) टाकला, कूलंट बंद केला, चिप झटकल्या, कापडाने भिंत पुसली. मग डायल लावलेला बोअर गेज घेऊन लांबीच्या मापाला तीन उंचीवर आणि तीन जागी मोजलं. ठरल्याप्रमाणे प्रत्येक भिंतीवर ०.३ माल असायला हवा होता. प्रत्यक्षात कुठे ०.२६, कुठे ०.३८. बोट फिरवलं तर पायऱ्या लागत होत्या. रफिंग १६ मिमीच्या इन्सर्ट (बदलत्या पात्यांच्या) कटरने ३ मिमीच्या सहा थरांत होत होतं आणि प्रत्येक थराचा एक बारीक कंगोरा भिंतीवर राहिला होता. इन्सर्टच्या कडा बघितल्या तर दोन्हींवर चिकटलेला माल. चार नगांनंतर त्रास का सुरू झाला, याचं उत्तर तिथे होतं. धार बसायला लागली की कटर जास्त मागे रेलतो आणि भिंतीवर जास्त माल ठेवतो.

कोपऱ्यात तर याहून मोठा घोळ होता. १६ मिमीचा कटर म्हणजे आर ८. ड्रॉइंगमधला कोपरा आर ६. मोठा कटर कोपऱ्यात शिरू शकत नाही, तो अलीकडेच वळतो. कागदावर हिशोब केला. सरळ भिंतीवर ०.३ माल असताना कोपऱ्याच्या तिरक्या रेषेत सव्वा मिलिमीटर माल उरतो. चौपटीहून जास्त! फिनिशचा कटर सरळ भिंतीवर आरामात ०.३ कापत येतो आणि कोपऱ्यात एकदम सव्वा मिलिमीटरवर आदळतो. त्यात आमचा फिनिशचा कटर १२चा, म्हणजे नेमका आर ६. कोपऱ्यात पोचला की त्याचा पाव घेर एकाच वेळी मालाला चिकटतो. तिथे तो रडणार नाही तर काय करणार?

म्हणून मी आता ठामपणे सांगतो, फिनिश पासाला दिसणाऱ्या दहा दोषांतले बरेचसे रफिंगमध्येच तयार झालेले असतात. फिनिशचा कटर हा शेवटचा माणूस आहे. त्याच्या हातात जसा माल येतो, तसं त्याच्या हातून काम होतं. माल कमीजास्त आला की कटरवरचा जोर कमीजास्त होतो, जोर बदलला की कटर वाकायचं प्रमाण बदलतं, आणि तेच वाकणं आपल्याला साइज पळताना दिसतं. फिनिशला लागते ती एकच गोष्ट: सगळीकडे सारखा माल. तो ०.२ आहे की ०.३, याने फार बिघडत नाही. सगळीकडे सारखा नसला, तर सगळं बिघडतं.

मधला पास

आम्ही रफिंग आणि फिनिशच्या मध्ये एक सेमी-फिनिश पास घातला. १० मिमीचा, तीन दातांचा कार्बाइड कटर. नवा आणला नाही. फिनिशला वापरून धार जराशी मंदावलेले कटर आम्ही फेकायचो, तेच डब्यातून काढले. हा कटर पहिल्यांदा चारही कोपऱ्यांत जाऊन उरलेला माल दोन-तीन खेपांत काढतो आणि मग पूर्ण भिंतीला एक फेरी मारून सगळीकडे ०.२ माल ठेवतो. १०चा कटर म्हणजे आर ५. आर ६च्या कोपऱ्यात तो छोटीशी गोलाई घेत वळतो, एका जागी अडकून उभा राहत नाही. फिनिशसाठीही मग १०चाच नवा कटर लावला, सेमीचा वेगळा आणि फिनिशचा वेगळा. फिनिशच्या कटरला रफिंगचं काम कधीच द्यायचं नाही, नड असली तरी नाही.

१२वरून १०वर गेलो तेव्हा माझ्या भावाने, जो शॉपचे हिशोब आणि खरेदी बघतो, एक रास्त शंका काढली. कटर बारीक केला तर तो जास्त वाकणार नाही का? वाकणारच. कटरचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १२चा कटर १०च्या दुपटीने ताठ असतो. पण कटर होल्डरमधून बाहेर किती काढलाय, याचा परिणाम लांबीच्या तिसऱ्या घाताने होतो, आणि तिथे आमचं चुकत होतं. आधीच्या एका खोल जॉबसाठी १२चा कटर ४८ मिमी बाहेर काढून बांधला होता. पॉकेट १८ खोल असूनही तो तसाच चालू होता. नवा १०चा कटर २८वर बांधला. ४८चे २८ केले की तेवढ्याच जोराला वाकणं जवळजवळ पाचव्या हिश्शावर येतं. कटर बारीक झाल्याने जे गमावलं, ते वजा करूनही आम्ही आधीपेक्षा दुपटीहून ताठ झालो. कटर बाहेर किती आहे हे पट्टीने मोजायला अर्धं मिनिट लागतं. टेपर दिसला की सर्वांत आधी तेवढं करा.

आता फिनिशला ८००० आरपीएम, दाताला ०.०५, म्हणजे मिनिटाला १२०० मिमी फीड. भिंतीची पूर्ण १८ मिमी खोली एकाच पासात, क्लाइंबने, म्हणजे चिप जाड सुरू होऊन पातळ संपते त्या दिशेने. भिंतीवर सरळ न घुसता गोलाईने आत जायचं, गोलाईने बाहेर यायचं, आणि सुरुवात जिथे झाली त्याच्या दीड-दोन मिलिमीटर पुढे जाऊन कटर सोडायचा. नाहीतर घुसल्या जागी एक उभी खूण राहते आणि ओ-रिंगला तीच खूण नडते.

वरचं-खालचं माप आता दहा-बारा मायक्रॉनच्या आत येतं. नगामागे दीड मिनिट वाढलं. बाद झालेल्या नगांचा माल, तो परत कापायचा वेळ आणि बोटवाल्याला द्यावी लागणारी तोंडी कारणं बघता हे दीड मिनिट मला मुळीच महाग वाटत नाही.

मशीनवर बरोबर, टेबलावर चुकीचं

एवढं होऊनही काही नग मशीनवर मापात होते आणि व्हाइसमधून (जॉब पकडणाऱ्या शिकंज्यातून) काढल्यावर मधोमध ९०चं माप वेगळं यायचं. याची परीक्षा सोपी आहे आणि ती एकदा डोळ्यांनी बघाच. रफिंग झालेला जॉब व्हाइसमध्ये असताना डायलची सुई पॉकेटच्या आतल्या भिंतीला टेकवा, काटा शून्यावर आणा आणि व्हाइसचं हँडल सावकाश सैल करा. आमच्याकडे काटा ३० मायक्रॉन सरकला. पोरगं हँडल फिरवत होतं आणि काटा हलताना बघून त्याने आपणहून हात थांबवला. बाहेरची भिंत फक्त ६ मिमीची. आपण ती दाबून धरतो, दाबलेली असताना सरळ कापतो आणि सोडली की ती आपल्या जागी जाते. सरळ कापलेली भिंत मग सरळ राहत नाही.

यावर दोन गोष्टी केल्या. जॉबखालचे पॅरलल (टेकणाच्या पट्ट्या) उंच घेतले, म्हणजे व्हाइसचे जबडे फक्त खालच्या ६ मिमीला धरतात. तिथे आत ७ मिमीचा भरीव तळ आहे, त्यामुळे भिंतीवर दाब येत नाही. आणि सेमी-फिनिश झाल्यावर एम०१ घेऊन व्हाइस पूर्ण सैल करतो, जॉब परत बसवतो, हलकेच घट्ट करतो आणि मग फिनिश चालवतो. प्लेटच्या आत जो ताण अडकलेला असतो, तोही रफिंगने माल निघाला की सुटायला बघतो. त्याला सुटायला मोकळीक फिनिशच्या आधी द्यायची, नंतर नाही. माल घेताना टी६५१ मिळाला तर तोच घ्या. तो कारखान्यातच ताणून त्यातला ताण उतरवलेला असतो, आणि वाकण्यातला फरक हाताला कळतो.

उष्णतेचंही सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा १४० मिमीचा तुकडा १० अंशांनी तापला तर ३२ मायक्रॉन वाढतो. आमची सूटच मुळात ५० मायक्रॉनची. रफिंग संपल्याबरोबर गरम जॉबवर फिनिश मारला आणि तिथेच मोजला तर पॉकेट मापात दिसतो, मग तो थंड होतो आणि लहान होतो. एम०१च्या वेळी जॉबला हात लावून बघा. तळहाताला ऊब लागत असेल तर कूलंटची धार सोडून दोन मिनिटं थांबा.

आपल्या हवेतला भाग

पुण्या-कोल्हापुराकडच्या शॉपवर जे चालतं, ते सगळं आपल्याकडे तसंच चालत नाही, कारण इथली हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात रविवारची सुट्टी झाली की सोमवारी होल्डरच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) तांबूस ठिपके दिसतात. तो होल्डर पुसून तसाच स्पिंडलमध्ये बसवला तर कटर मध्यावर फिरत नाही. डायल कटरच्या दांड्याला लावून स्पिंडल हाताने फिरवा. काटा ३० मायक्रॉन हलत असेल, तर तीन दातांतला एकच दात खरं कापतो आणि उरलेले दोन नावाला फिरतात. फिनिशसाठी मी १० मायक्रॉनच्या वर चालवून घेत नाही. कॉलेटच्या (कटर पकडणाऱ्या बाहीच्या) फटीत अडकलेली एक बारीक चिपही एवढं करायला पुरते, म्हणून कॉलेट फुंकून नाही, ब्रशने साफ करा. शनिवारी संध्याकाळी स्पिंडलचा आतला टेपर आणि सगळे होल्डर कोरडे पुसून गंजरोधक तेलाचा पातळ हात मारतो. सोमवारी बसवण्याआधी ते तेल पुसून काढायचं, हे विसरू नका.

कूलंटला पाणी कुठलं घालता, तेही बघा. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. ते कूलंटमध्ये गेलं की तेल आणि पाणी वेगळं व्हायला लागतं, मशीनच्या टेबलावर गंज येतो आणि फिनिशची चमक जाते. आम्ही पावसाचं गाळलेलं पाणी पिंपात साठवून वापरतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून कूलंट घट्ट होतो आणि मग कोणीतरी डोळ्याच्या अंदाजाने नुसतं पाणी ओततं. रिफ्रॅक्टोमीटरने पाण्यातलं कूलंटचं प्रमाण सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे ना, हे आठवड्यातून दोनदा बघावं.

आणि लाइट. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात फिनिश चालू असताना लाइट गेली तर कटर भिंतीला टेकलेल्या जागी थांबतो आणि तिथे खूण राहते. लाइट आल्यावर घाईने त्याच ओळीपासून प्रोग्राम सुरू करू नका. कटर आधी वर घ्या, मशीन होम करा, कटरची धार भिंगाखाली बघा आणि फिनिश पास पहिल्या गोलाईपासून परत चालवा. खूण १०-१५ मायक्रॉनची असली आणि मापाला अजून जागा असली, तर वेअर ऑफसेट तेवढा सरकवून ती काढता येते. ऑफसेटचा हा उपयोग योग्य आहे. आभाळ गडगडत असेल तर मी सेमी-फिनिशपर्यंतचे नग करून बाजूला रांगेत ठेवतो आणि फिनिशचे पास सकाळी हवा शांत असताना सलग मारून घेतो. सगळ्या नगांना सैल पडायला आणि थंड व्हायला रात्रभर मिळते, हा वरचा फायदा.

आमच्या सेटअप शीटवर आता टूलच्या यादीखाली एक जादा ओळ आहे. रफिंगनंतर भिंतीवरचा माल: वर किती, खाली किती, कोपऱ्यात किती. दर पाचव्या नगाला ऑपरेटर तिथे आकडे लिहितो. वरच्या-खालच्या मालात ०.०८च्या वर फरक दिसला की इन्सर्ट फिरवायचा, मग फिनिशला हात लावायचा. साठ नगांच्या त्या ऑर्डरमध्ये पहिल्या पंधरांतले सहा बाद झाले होते. ही ओळ आल्यानंतरच्या नगांत एक बाद झाला, तोही हातातून पडून.